एक ‘फॉर’ खोडला, दुसरा का ठेवला?

प्रश्न : बदलीसाठी मी इंग्रजीत अर्ज केला. सुरुवातीला ‘आय रिक्वेस्ट फॉर अ ट्रान्स्फर’ असं लिहिलं होतं. साहेबांनी त्यातला ‘फॉर’ लाल शाईनं खोडला. शेवटी ‘प्लीज कन्सिडर माय रिक्वेस्ट फॉर अ ट्रान्स्फर’ होतं, तिथला ‘फॉर’ मात्र तसाच ठेवला. शब्द एकच, मग असं का? माझी आठवीतली मुलगी विचारते, की इंग्रजीत कुठलंही नाम क्रियापद म्हणून चालतं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या साहेबांनी दोन्ही ठिकाणी बरोबर केलं. पहिल्या वाक्यात ‘रिक्वेस्ट’ हे क्रियापद आहे. त्याला कर्म थेट जोडता येतं, मध्ये ‘फॉर’ लागत नाही. शेवटच्या वाक्यात ‘माय’ आलं, म्हणजे ‘रिक्वेस्ट’ नाम झालं. इंग्रजीत नामाला असं कर्म थेट घेता येत नाही, म्हणून तिथे ‘फॉर’ हवाच.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मराठी मुलांच्या वह्यांत ही चूक सतत पाहिली. ‘आय व्हिजिटेड टू पुणे’, ‘ही आन्सर्ड टू द क्वेश्चन’, ‘आय फोन्ड टू माय ब्रदर’, ‘दे डिमांडेड फॉर वॉटर’. या सगळ्या वाक्यांतला ‘टू’ किंवा ‘फॉर’ जायला हवा. पण तेच शब्द नाम म्हणून घ्या : ‘अ व्हिजिट टू पुणे’, ‘द आन्सर टू द क्वेश्चन’, ‘अ डिमांड फॉर वॉटर’. आता ते अव्यय काढलं तर वाक्य मोडतं.

ही चूक आपल्याकडूनच इतकी का होते, याचं कारण मला आपल्या मराठीत दिसतं. इंग्रजी शब्द आपण उचलतो तो नाम म्हणून, आणि क्रियापदाचं काम ‘करणे’, ‘देणे’, ‘मारणे’ यांच्याकडे सोपवतो. भावाला फोन केला, शाळेला व्हिजिट दिली, दोन कपाटांची ऑर्डर दिली. ‘फोन’, ‘व्हिजिट’, ‘ऑर्डर’ आपल्या डोक्यात नामंच राहतात. इंग्रजी बोलायला लागलो, की त्या नामांना चिकटलेली अव्ययं क्रियापदाच्याही मागे येतात. ‘डिस्कस अबाउट’ त्यातलंच. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको. यात मुलांचा आळस नसतो, मातृभाषेची शिस्त त्यांनी दुसऱ्या भाषेला लावलेली असते. म्हणून नुसती लाल रेघ मारू नये, कारण सांगावं, असं मला कळकळीनं वाटतं.

मात्र हा नियम डोळे मिटून लावू नका. ‘रिप्लाय’ नाम असो की क्रियापद, पत्राच्या आधी ‘टू’ घेतोच. ‘सर्च द हाउस’ म्हणजे घराची झडती घेणे, आणि ‘सर्च फॉर द की’ म्हणजे किल्ली शोधणे. शंका आली की शब्दकोशातली उदाहरणं वाचा, नुसता अर्थ पाहून थांबू नका.

एकच शब्द नाम आणि क्रियापद म्हणून वापरण्याचा प्रकार इंग्रजीत इतका का बोकाळला? जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला ‘लुफू’ आणि प्रेम करणे याला ‘लुफियन’ म्हणत. पुढे काही शतकांत शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं. नाम-क्रियापदांतला दिसणारा फरक गेला, तो वाक्यातल्या जागेवरून ओळखायचा राहिला. मग नव्या नामांनाही क्रियापद करणं सोपं झालं. सगळ्यांना ते रुचलं नाही. 1789 साली अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिननं कोशकार नोहा वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात ‘नोटिस’ क्रियापद म्हणून वापरण्याबद्दल तक्रार केली होती. आज त्यात कुणाला काही खटकत नाही.

काही जोड्यांत फरक कानाला कळतो. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ ही नामं असली की जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, क्रियापदं असली की दुसऱ्यावर. ‘यूज’ नाम असेल तर शेवट ‘स’चा, क्रियापद असेल तर ‘झरा’तल्या ‘झ’सारखा. मुलीकडून हे मोठ्यानं म्हणून घ्या.

तिच्या प्रश्नाचं उत्तर : कुठलंही नाम चालत नाही. जे रुळलं तेच चालतं, आणि अर्थही रुळेल तसाच. ‘वॉटर द प्लांट्स’ म्हणजे झाडांना पाणी घालणे, पण ‘मिल्क द काउ’ म्हणजे गाईचं दूध काढणे. ‘डस्ट द टेबल’मध्ये धूळ पुसायची असते, तर ‘डस्ट द क्रॉप’मध्ये पिकावर भुकटी धुरळायची असते. मराठीतही नामांची क्रियापदं होतात, फक्त आपण प्रत्यय लावतो : हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, पाण्यावरून पाणावणे. हल्लीची मुलं ‘गुगलून बघ’ म्हणतात, ते मला मनापासून आवडतं. परका शब्द तिथे मराठीच्या प्रत्ययांत आला आहे.

तुमचा अर्ज ‘आय रिक्वेस्ट अ ट्रान्स्फर’ असा सुरू करा, किंवा ‘आय रिक्वेस्ट यू टू ट्रान्स्फर मी’ असा. दुसऱ्या वाक्यात ‘ट्रान्स्फर’ही क्रियापद झालं आहे, तेही मुलीला दाखवा.