मुलगा बुजरा आहे, बोलताना अडखळतो आणि म्हणतो मला कॉमेडी करायचीय

"मॅडम, घरात नुसता धिंगाणा आणि बाहेर चार माणसं दिसली की तोंडातून शब्द फुटत नाही, पुढे कसं व्हायचं याचं?" मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील माझ्याकडे कायम असतात, त्यातल्याच एका घराबद्दल आज लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

मुलगा सातवीतला. वर्गात हजेरीला "प्रेझेंट" म्हणताना प वरच अडकायचा, मागची मुलं हसायची, मग त्याने नुसता हात वर करायला सुरुवात केली आणि एकदोनदा त्याची गैरहजेरी पण लागली. घरी मात्र आत्या, भाजीवाले काका, पीटीचे सर, सगळ्यांच्या नकला हुबेहूब, आणि आई सांगत होती की नक्कल करताना हा एकदाही अडखळत नाही. वडिलांच्या मते हे सगळे माकडचाळे, आधी नीट बोलायला शिक म्हणावं. त्यांनी मिस्टर बीनवरचं एक व्हॉट्सॅप फॉरवर्ड पण मुलाला वाचून दाखवलं होतं, बघ तो पण अडखळायचा, जिद्द ठेवली म्हणून एवढा मोठा झाला. पोरगं आणखीनच गप्प झालं, कारण त्याने त्यातून एवढंच घेतलं की आपण अडखळतो म्हणजे आपलीच जिद्द कमी पडते.

मला ते फॉरवर्ड बिलकुल आवडत नाही. मिस्टर बीन करणाऱ्या रोवन ॲटकिन्सनची खरी गोष्ट मुलांच्या कितीतरी जास्त कामाची आहे आणि मी ती त्याला नीट बसून सांगितली. जन्म १९५५ चा, इंग्लंडच्या उत्तरेला कॉन्सेट नावाच्या गावात, वडील शेती करायचे, भावंडांत हा धाकटा. शिकला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, न्यूकॅसलला, आणि पुढचं शिकायला ऑक्सफर्डला गेला, म्हणजे आपल्याकडे पेढे वाटले असते असं सगळं सरळ चाललेलं. तिथे तो नाटकवाल्या पोरांत शिरला, रिचर्ड कर्टिस हा लिहिणारा मित्र तिथलाच. १९७९ ला बीबीसीवर कॉमेडीचा कार्यक्रम मिळाला, १९८३ ला ब्लॅकॅडर ही विनोदी मालिका आणि १ जानेवारी १९९० ला मिस्टर बीनचा पहिला भाग, ज्यात तो जवळजवळ बोलतच नाही.

आता फॉरवर्डमध्ये नसतं ते. त्याने स्वतः सांगितलंय की दुसऱ्या कुणाची भूमिका करताना त्याचं अडखळणं जातं आणि अभिनयाकडे ओढला गेल्याचं ते एक कारण असू शकेल. हे बऱ्याच अडखळणाऱ्या लोकांचं होतं, गाताना होतं, सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना होतं, कारण बोलण्याची लय बदलते आणि "मी कसा बोलतोय" हे डोक्यातलं भूत जरा बाजूला होतं. भूमिका संपली की त्रास परत येऊ शकतो. ॲटकिन्सनला ब म्हणायला अडचण येते, तर तो ब जरा जास्तच ठासून म्हणतो, ब्लॅकॅडरमध्ये तो "बॉब" हे नाव ज्या पद्धतीने म्हणतो त्यावर लोक हसले ते वेगळंच.

हे ऐकून मुलाने विचारलं, "म्हणजे तो अजून पण अडखळतो?" म्हटलं हो, कधीकधी. माझ्याशी तो मोकळा बोलायला लागला तो तिथून.

पुढचं काम बरंच साधं होतं. अडखळण्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, ते समुपदेशकाने अंगावर घेऊ नये (मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्येही सोय असते). वर्गशिक्षिकेने हजेरीला हात वर केला तरी चालेल हे सगळ्यांसाठीच करून टाकलं. गॅदरिंगच्या नाटकात त्याने स्वतःहून हमालाचं काम मागितलं, एकही वाक्य नाही, फक्त एक ट्रंक उचलायची आणि ती काही केल्या उचलली जात नाही. हॉल हसून हसून बेजार. ज्या पोराला हसण्याची एवढी धास्ती होती, त्याला पहिल्यांदा कळलं की लोकांनी कधी हसायचं हे आपण पण ठरवू शकतो. पुढच्या वर्षी त्याने म्हाताऱ्याचं काम केलं, वाक्यांसकट, न अडखळता. वर्गात अजून अडखळतो, पण "प्रेझेंट" म्हणतो. वडील अजून इंजिनिअरिंगचंच बोलतात तर बोलू देत, ॲटकिन्सन पण आधी इंजिनिअरिंगच शिकला होता.

तुमच्या घरी असं मूल असेल तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, "हळू बोल, श्वास घे" हे सारखं सारखं तर अजिबातच नको, थांबा आणि त्याचं म्हणणं ऐका. पाहुणे आले की "दाखव रे नक्कल करून" हे बंद करा, त्याला करायची असेल तेव्हा तो करेल. नुसता बुजरेपणा हा आजार नाही. पण घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही बोलत नसेल, किंवा अडखळण्याच्या भीतीने शाळाच टाळत असेल, तर वाट बघू नका, लगेच दाखवा. आणि त्याला स्टेज नकोच असेल तर मिस्टर बीनचं उदाहरण देऊन ढकलू पण नका, नाटकात पडदा ओढणारा, लाइट सांभाळणारा, लिहिणारा पण लागतोच की.