ओळखीचं कोणी दिसलं की त्यांचा वेग वाढायचा

“लोक हसतील हो. सत्याण्णव किलोची बाई पळताना कशी दिसेल?” दसऱ्यानंतरच्या आठवड्यात समुपदेशनाला आलेल्या ताईंनी खुर्चीत बसता बसता हेच विचारलं. वय ३८, उंची १६६ सेंटिमीटर, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम, म्हणजे दिवसाचे नऊ तास बसून. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पळायला तीनदा सुरुवात केली होती आणि तिन्ही वेळा दोन आठवड्यांच्या आत सोडलं होतं. “माझ्यात चिकाटीच नाही,” हा निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता. आम्ही निकाल बाजूला ठेवला आणि पहिल्या दिवसापासून नेमकं काय झालं ते विचारलं. सकाळी पार्क मैदानावर जायच्या, चालायला लागायच्या. समोरून ओळखीचं कोणी आलं की पळायला लागायच्या, कारण नुसतं चालताना दिसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. अर्ध्या फेरीत छाती भरून यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी नडग्या दुखायला लागायच्या आणि मग घरीच.

गोष्ट इथेच होती. त्यांची लाज त्यांच्या वेगात उतरत होती, आणि त्या वेगाने पाय दुखत होते. चिकाटीचा इथे संबंधच नव्हता.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बसतो. चालताना तो वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि हाडांना मात्र महिने लागतात. त्यामुळे दम टिकायला लागला की माणसाला वाटतं आता जमलं, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर नडगी किंवा टाच कुरकुरते. वजन जास्त असेल तर ही दरी जपून ओलांडावी लागते.

गुडघ्यांची भीतीही होतीच. “वजनदार माणसाचे गुडघे पळण्याने कामातून जातात म्हणे.” हौशी पळण्याने निरोगी गुडघा झिजतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आधीच संधिवात असेल, गुडघा सुजत किंवा अडकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ. ताईंना तसा त्रास नव्हता, पण आईला मधुमेह होता, म्हणून रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासून घ्यायला सांगितलं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, थोड्याशा कामाने धाप लागणं यातलं काही असतं, तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत आम्ही पळण्याचा विषयच काढला नसता. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी वेळ आणि डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावा, आणि खिशात साखर ठेवावी.

पहिले चार आठवडे पळणं बंद. आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं झपझप चालणं. जागाही बदलली: जुळे सोलापुरातल्या त्यांच्याच कॉलनीचा सपाट, कमी रहदारीचा रस्ता. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक: पाच मिनिटं चालणं, मग ३० सेकंद पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं आठ वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. पावलं छोटी, पाय शरीराच्या खाली पडेल अशी. पाय लांब पुढे टाकला की टाच ब्रेकसारखी आदळते आणि तो धक्का नडगीत जातो. वेगाची परीक्षा घड्याळावर नको म्हटलं. “बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस” एवढं धापा न टाकता मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. पाढा तुटला तर वेग जास्त आहे. पहिल्या दिवशी त्यांचं पळणं त्यांच्याच झपझप चालण्याहून हळू निघालं. त्यांना ते विचित्र वाटलं, पण वेग अगदी बरोबर होता.

हसणाऱ्यांचं काय? “तुमच्याकडे कोणी बघत नाही” असं सांगणं सोपं असतं, पण ते खरं नसतं. काही लोक बघतातच. म्हणून दोन आठवडे वहीत नोंद ठेवायला सांगितली: तारीख, कोण भेटलं, काय म्हणालं, आणि त्या क्षणी आपला वेग वाढला का. हिशेबाची सवय, वही चोख आली. दोन मुलं एकदा हसली होती. एक शेजारीण म्हणाली होती, “बघू, किती दिवस टिकतंय!” बाकी रकाने रिकामे. पण वेगाच्या रकान्यात सात वेळा “हो” होतं, त्यातले पाच कोणी काहीच न बोलता. ती पाच “हो” बघून त्या बराच वेळ गप्प बसल्या. पुढचा सराव त्यावरच: ओळखीचा चेहरा दिसला की पाढा सुरू करायचा, आणि चालायची पाळी असेल तर चालतच राहायचं.

तरी डिसेंबरात घसरण झालीच. कारखान्यातल्या दोघी रस्त्यात भेटल्या, आणि तोवर ३० वरून वाढवलेल्या ४५ सेकंदांऐवजी सलग चार मिनिटं पळणं झालं. दोन दिवसांनी नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखायला लागलं. असं पसरलेलं दुखणं बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं असतं. बोट ठेवून एकाच ठिकाणी दाखवता येणारं, रात्रीही ठणकणारं दुखणं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे घरगुती उपाय नकोत, डॉक्टरांकडेच जावं. ताईंचं पहिल्या प्रकारचं होतं. दोन आठवडे दुखणार नाही एवढंच चालणं. सोबत पायरीवर टाचा उचलण्याचे दहा-दहाचे दोन संच आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुखणं थांबलं, आणि त्यांनी पुन्हा ३० सेकंदांपासून सुरुवात केली. मागे जाणं त्यांना फार जड गेलं. त्या दिवशी समुपदेशनाचा सगळा तास त्यावरच गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

बूट त्यांनी सकाळी, पातळ मोज्यांवर घेतले होते. अंगठ्याचं नख काळं पडलं. दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी, पळायच्या मोज्यांसकट घालून बघावेत, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. मांड्या घासून सोलवटतात, याबद्दल बायका संकोचाने बोलतच नाहीत आणि त्यापायी पळणं सोडतात. आधी पेट्रोलियम जेली लावावी आणि मांडीपर्यंत घट्ट बसणारी, घाम न धरणारी पँट घालावी. ओला सुती कपडा जास्त घासतो. नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही चैन नव्हे, बुटांइतकीच गरजेची आहे.

आठ आठवड्यांनी वजन जेमतेम दीड किलो उतरलं होतं, आणि त्या खचल्या. मग त्यांच्याच भाषेत हिशेब मांडला. त्यांच्या वजनाला अडीच किलोमीटर चालत-पळत साधारण २०० किलोकॅलरी खर्च होतात, आठवड्याला तीनदा म्हणजे ६००. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. निव्वळ या पळण्यावर एक किलो उतरायला जवळजवळ तेरा आठवडे लागतात. मूठभर, म्हणजे ३५ ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढ्याच २०० किलोकॅलरी असतात. शेंगाची चटणी सोडा असं सोलापुरात कोणाला सांगू नये, आम्हीही सांगितलं नाही. फक्त ती चमच्याने मोजून घ्यायची ठरली. वजनकाटा महिन्यातून एकदाच. त्याऐवजी कारखान्याचे दोन जिने चढून किती धाप लागते, सकाळी उठताना नाडीचे ठोके किती, आणि कमरेचा घेर किती, हे वहीत लिहायचं.

आता मार्च आहे. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं आठ वेळा जमतं. पुढे मार्चअखेरचे हिशेब आहेत, म्हणून ते दोन आठवडे दोनच दिवस पळायचं आणि वेळ वाढवायची नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेपाचला निघून साडेसहाच्या आत घरी, निघण्याआधी ग्लासभर पाणी, आणि रात्रभर उकाडा राहिला तर त्या दिवशी नुसतं चालणं. कोणी विचारलं, “आज पळत नाही का?” तर काय म्हणायचं, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलंय: “आज चालायचा दिवस आहे.”