फिल्म-टीव्हीचं लाइटिंग शिकायला डिग्री लागतेच का?

नाही, डिग्री लागतेच असं नाही, सेटवरच्या लाइट क्रूमध्ये केबल ओढण्यापासून सुरुवात करून बरेच जण पुढे गॅफर (लाइट क्रूचा प्रमुख) होतात. मी याच क्रूमध्ये काम करतो म्हणून सांगतो, तिथे सर्टिफिकेट कोणी बघत नाही, लोड (दिव्यांना किती वीज लागेल ते) काढता येतो का आणि हात सेफ आहेत का ते बघतात. पण बेसिक आधी पक्कं करा:

- वीज: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हे तोंडपाठ पाहिजे, अर्थिंग पण (इथे चुकलात तर जिवावर बेतू शकतं)
- कलर टेंपरेचर (उजेड किती पिवळसर की निळसर ते): टंगस्टन बल्ब साधारण ३२०० केल्विन, डेलाइट ५६००
- अंतर: छोट्या सोर्सपासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो
- डीएमएक्स (दिवे कंट्रोल करायचा डिजिटल सिग्नल): एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका डीएमएक्स लाइनवर, ५१२ चॅनल, हल्ली एलईडीमुळे कन्सोल (दिवे कंट्रोल करायचा बोर्ड) चालवता आलंच पाहिजे

आणि घरी एकच दिवा घेऊन कोणाच्या तरी चेहऱ्याभोवती फिरवत सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडते ते बघत बसा, डोळा त्यानेच तयार होतो, व्हिडिओ बघून नाही.

फक्त एक लक्षात घ्या, फिल्ममध्ये लुक शेवटी सिनेमॅटोग्राफर ठरवतो आणि गॅफर तो उभा करतो, त्यामुळे निर्णय स्वतः घ्यायचे असतील तर सिनेमॅटोग्राफीचा कोर्स बरा. मल्टिकॅमेरा स्टुडिओ शोमध्ये मात्र लाइटिंग डायरेक्टर वेगळा असतो, तिकडे जायचं असेल तर नाटकाच्या लाइटिंगचा अनुभव जास्त उपयोगी पडतो.