महागडी गाडी सर्व्हिसिंगला दिल्यावर शोरूमने बदली गाडी देणे बंधनकारक आहे का?

आपण जालन्याहून गाडी छत्रपती संभाजीनगरला सर्व्हिसिंगसाठी नेता आणि ती दोन-तीन दिवस तिथेच राहते, म्हणून हा प्रश्न विचारला आहे. थेट उत्तर असे की, बदली गाडी, म्हणजे कर्टसी कार, देण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही. ती कंपनीच्या धोरणावर, सर्व्हिस पॅकेजवर किंवा शोरूमच्या मर्जीवर अवलंबून असते. मात्र खरेदीच्या वेळी लेखी आश्वासन मिळाले असेल, तर ते न पाळल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये तक्रार करता येते. म्हणूनच माझा आग्रह आहे की, तोंडी शब्दावर मुळीच विसंबू नये.

गाडी मिळालीच, तर खरी काळजी पुढे घ्यावी लागते. तिचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी पाहावे, आणि अपघात झाल्यास विम्यातून न मिळणारी रक्कम कोण भरणार, हे करारपत्रात वाचल्याशिवाय सही करू नये, कारण 1500 सीसीहून मोठ्या गाडीच्या दाव्यात किमान 2000 रुपये वजा होतातच आणि महागड्या गाडीचा साधा दिवा फुटला तरी खर्च त्याहून कितीतरी अधिक येतो. ट्रेड सर्टिफिकेटवरची, म्हणजे नोंदणी न झालेली गाडी केवळ धंद्याच्या कामासाठी चालवण्याच्या विक्रेत्याच्या परवान्यावरची, लाल पाटीची गाडी तर घेऊच नये. ताबा घेताना ओरखड्यांचे फोटो काढावेत. समृद्धी महामार्गाने परतणार असाल, तर टोल आणि वेगमर्यादेचे ई-चलान कोणाकडे, हेही ठरवून घ्यावे.