पोर्ट घरी ठेवायची कशी, उघडायची कधी?

पोर्ट म्हणजे आंबवतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालून केलेली पोर्तुगालची कडक, बहुधा गोड वाइन. तिच्याबद्दल वाचकांकडून आलेल्या निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. बहुतेक पत्रांत एकच गोष्ट गृहीत धरलेली दिसते: बाटली जितकी जुनी, तितकी वाइन चांगली. पोर्टच्या बाबतीत हे मोजक्याच बाटल्यांना लागू पडतं.

भावाने लिस्बनहून दोन बाटल्या आणल्या. एकीवर '१० वर्षांची टॉनी' आहे, दुसरीवर 'व्हिंटेज २०१६'. मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिच्या लग्नापर्यंत दोन्ही ठेवता येतील का? (इंदिरानगर)

व्हिंटेज ठेवा. टॉनी या दिवाळीतच उघडा.

टॉनीचं वय लाकडी पिंपात होतं. पिंपाच्या लाकडातून हवा हळूहळू आत जाते, लाल रंग विटकरी होतो, अक्रोड, सुके अंजीर, कॅरॅमल अशी चव उतरते. '१० वर्षं' म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून साधलेली दहा वर्षांची चव. ती बाटलीत भरली की काम संपलं. पुढे ती सुधारत नाही, फक्त हळूहळू फिकी पडते. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्ष असतं. त्यापासून दोन-तीन वर्षांत ती संपवावी.

व्हिंटेजचं, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या पोर्टचं, नेमकं उलटं. ती पिंपात जेमतेम दोन वर्षं राहते, न गाळता बाटलीत जाते आणि खरी बाटलीतच पिकते. टॅनिन (सालीतून येणारं तुरट द्रव्य) आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, तशी तुरट वाइन मऊ होत जाते. याला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. व्हिंटेज दर वर्षी जाहीर होत नाही, पीक उत्तम आलं तरच पोर्ट करणारी घराणी ते वर्ष जाहीर करतात. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन्ही वर्षं बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली, हे दुर्मीळच. मुलगी पंचविशीत येईल तेव्हा तुमची बाटली भरात असेल, मात्र ती नीट ठेवली तरच. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

लेबल कळलं नाही तर बूच बघा. वर प्लॅस्टिकची किंवा लाकडी टोपी असलेलं, हाताने निघणारं बूच असेल तर वाइन पिण्यासाठी तयार आहे. बाटली उभीच ठेवा, कारण आडवी ठेवली तर हे बूच सतत भिजून सैल पडतं. कॉर्कस्क्रू लागणारं पूर्ण लांबीचं बूच असेल तर बाटली ठेवण्याजोगी असू शकते. ती आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' दोन्ही प्रकारच्या बुचात मिळते. ती चार ते सहा वर्षं पिंपात राहिलेली असते. लेबलवर 'अनफिल्टर्ड' असेल तर पाच-दहा वर्षं ठेवा, नाहीतर लगेच प्या.

बंगल्यात तळघर नाही. माळ्यावर जागा आहे. तिथे ठेवल्या तर चालतील? की वाइन कूलर घ्यावा? (गंगापूर रोड)

माळा ही घरातली सर्वांत वाईट जागा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्रभर माळ्यात उतरत राहते. स्वयंपाकघर, फ्रिजचा माथा आणि पश्चिमेची भिंत, हे तिन्हीही टाळा.

पोर्टला १२ ते १५ अंश तापमान हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्थिर हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो आणि थंडीत निफाडकडे पाच अंशांच्या आसपास उतरतो. गरम झाली की वाइन फुगते आणि बूच किंचित वर ढकलते. गार झाली की आकसते आणि हवा आत ओढते. असे दोन-तीन उन्हाळे गेले की बुचाभोवती चिकट ओघळ दिसतो आणि चव शिजवलेल्या जॅमसारखी लागते. ती पुन्हा दुरुस्त होत नाही.

वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असेल तर तळमजल्यावरच्या आतल्या खोलीतलं सर्वांत खालचं कपाट पुरे. बाटली जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. जुन्या वाड्यातली जाड भिंतींची, उत्तरेची खोली असेल तर उत्तमच. दहा-वीस वर्षांसाठी मात्र कूलर घ्यावाच लागेल. घेताना तो कॉम्प्रेसरचा आहे ना, हे विचारा. कॉम्प्रेसर नसलेले छोटे थर्मोइलेक्ट्रिक कूलर स्वस्त आणि शांत असतात, पण खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जातात. मे महिन्यात बंद खोली ३६ अंशांवर असेल तर आत २१ ते २६ अंश राहतात, म्हणजे गरजेच्या वेळीच तो हरतो. कूलर १४ अंशांवर लावा आणि भरलेला ठेवा: वीज गेली तर भरलेला कूलर रिकाम्यापेक्षा हळू तापतो. तेवढ्या वेळात दार उघडू नका.

साध्या फ्रिजमध्ये न उघडलेली बाटली वर्षानुवर्षं ठेवू नये. तिथली हवा कोरडी असते, बूच सुकतं. मुंबई विमानतळावरून बाटली आणताना तीही माणसांबरोबर एसीत ठेवा. कसाऱ्याला जेवायला थांबलात आणि बाटली डिकीत राहिली, तर तेवढा उन्हाळाही पुरतो.

उघडल्यावर किती दिवस टिकते? (पंचवटी)

प्रकारावर अवलंबून आहे. व्हिंटेज दोन-तीन दिवस, लेट बॉटल्ड साधारण आठवडा, रूबी (लगेच पिण्यासाठी केलेली साधी लाल पोर्ट) दोन-तीन आठवडे, टॉनी महिना-दीड महिना. पिंपात टॉनीला हवेची सवय झालेली असते, म्हणून ती जास्त तग धरते. उघडलेली कुठलीही बाटली फ्रिजच्या आतल्या फळीवर उभी ठेवा, दारात नको.

अर्धीच प्यायची हे आधीच ठरलं असेल तर बाटली उघडल्या उघडल्या ३७५ मिलीच्या स्वच्छ, वास नसलेल्या बाटलीत काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. वर हवाच उरत नाही. हवा ओढून घेणाऱ्या हातपंपापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला.

जुनी व्हिंटेज उघडताना बूच तुटून आत पडलं, ग्लासात काळा गाळ आला. वाइन खराब झाली का? (नाशिकरोड)

नाही. गाळ म्हणजे पिकल्याची खूण आहे. तो निरुपद्रवी असतो, पण कडू आणि दाताला चरचरीत लागतो, म्हणून वेगळा करायचा.

बाटली उघडायच्या आधी किमान एक दिवस, शक्य असल्यास दोन दिवस उभी ठेवा. प्रवासातून आली असेल तर दोन-तीन आठवडे अजिबात हलवू नका. काही जुन्या बाटल्यांवर चुन्यासारखा पांढरा फटकारा असतो. आडवी ठेवताना तो वर राहिला पाहिजे, म्हणजे गाळ नेहमी एकाच बाजूला बसतो.

तीस वर्षांचं बूच मधोमध भुसभुशीत झालेलं असतं, त्यात स्क्रू घातला की तुटणारच. दोन पातळ पात्यांचं ओपनर वापरा: पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने झुलवत उतरवा, मग फिरवत फिरवत वर ओढा. तरीही तुटलं तर उरलेलं बूच आत ढकला आणि गाळून घ्या.

गाळायला मलमलचं कापड दुहेरी करा. ते आधी नुसत्या उकळत्या पाण्यात धुवा. साबणाचा किंवा कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास राहिला तर तोच वाइनमध्ये उतरेल. बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि एका दमात, न थांबता, काचेच्या जगमध्ये ओता. थांबून बाटली पुन्हा उभी केली की गाळ ढवळला जातो. मानेपाशी काळी रेघ दिसली की थांबा. शेवटचे ५० ते ७५ मिली सोडून द्यावे लागतात. हे नुकसान मनाला लागतं, पण वाचवायला गेलात तर सगळा जग गढूळ होतो.

वीस वर्षांच्या आतली व्हिंटेज गाळल्यावर दोन-तीन तास उघडी ठेवा. चाळिशी ओलांडलेली मात्र लगेच ग्लासात घ्या, तिचा सुवास तासाभरातच उडू लागतो.

आमची थॉमसनची बाग आहे. द्राक्षांच्या रसात ब्रँडी घालून घरी पोर्ट करता येईल का? (पिंपळगाव बसवंत)

करू नका. पहिलं कारण कायद्याचं: महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे.

दुसरं कारण गणिताचं. पोर्तुगालमध्ये जिथे पोर्ट होते त्या डोरो खोऱ्यात रस दोन-तीन दिवस आंबला, साधारण निम्मी साखर संपली, की ७७ टक्के तीव्रतेचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन २० टक्क्यांच्या आसपास येते. सहा टक्क्यांपर्यंत आंबलेल्या १० लिटर रसाला असं अडीच लिटर स्पिरिट पुरतं. दुकानातली ब्रँडी ४२.८ टक्क्यांची. तिने तेवढीच तीव्रता गाठायला सहा लिटरहून जास्त ओतावी लागेल, मग चव ब्रँडीचीच. शिवाय थॉमसन हिरवं, खाण्याचं द्राक्ष. टुरीगा नॅसिओनालसारख्या लहान, जाड सालीच्या काळ्या द्राक्षातून येतो तो रंग आणि तुरटपणा त्यात नाही.

दुकानात स्वस्त भारतीय 'पोर्ट' मिळते. ती पाच वर्षं ठेवली तर? (सिडको)

काहीही मिळणार नाही. ही बहुधा गोड लाल वाइन असते आणि लगेच पिण्यासाठीच केलेली असते. नुसत्या गोडीवर वाइन पिकत नाही, त्याला टॅनिन आणि दाटपणा लागतो. थंड करून महिन्याभरात प्या. पोर्तुगालची पोर्ट ओळखायची असेल तर मानेवर तिथल्या नियामक संस्थेची क्रमांक असलेली कागदी पट्टी बघा.

किती घ्यावी, कशाबरोबर? घरात मधुमेह आहे. (कॉलेज रोड)

एका वेळी ६० मिली. त्यात साधारण १२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगइतकंच. लहान ग्लास बघून फसू नये. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर धरली तर ६० मिलीत सहा ग्रॅम होते. मधुमेह असेल, औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

टॉनी १२ अंशांपर्यंत गार करून शेंगदाणा चिक्की, भाजलेले बदाम किंवा खरपूस पेढ्यांबरोबर घ्या. रूबीबरोबर ७० टक्के कोकोचं चॉकलेट, व्हिंटेजबरोबर खारट निळं चीज. पांढरी पोर्ट एक भाग, टॉनिक दोन भाग, भरपूर बर्फ आणि लिंबाची फोड हे उन्हाळ्यातलं पेय. तिखट चिवडा आणि मिसळ मात्र लांब ठेवा: २० टक्के अल्कोहोलने मिरचीची जळजळ वाढते आणि पोर्टची चव कळतच नाही.