हव्या असलेल्या दोन गायी तुमच्याच गोठ्यात आहेत

प्रश्न: माझ्याकडे आठ संकरित गायी आहेत, पण एका वेळी चार-पाचच दुभत्या असतात. म्हणून रोज 20 लिटर देणाऱ्या आणखी दोन घ्यायचा विचार आहे. दोघींचं मिळून वर्षाला 14,600 लिटर दूध धरलंय. ठेव मोडू की पाच वर्षांचं कर्ज काढू? एजंट म्हणतो, सोबत बचत-विमा पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर मंजूर होईल आणि गायींनाही संरक्षण मिळेल. घरच्या कालवडी हाती लागत नाहीत. जार (वार) पडल्यावर लगेच चीक पाजतो, तरी दोन वासरं हगवणीनं गेली. एक कालवड गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली आहे, 26 महिन्यांची झाली तरी माजावर येत नाही. गायींचा माज सकाळी धारेच्या वेळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी भरवून घेतो. गाभण आहे की नाही ते पोटावरून कळतंच. दोन वेतांत दीड वर्ष जातं, ते सगळीकडेच जात असेल.

उत्तर: ठेव मोडू नका, कर्जही काढू नका. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं. आता न विचारलेल्याकडे वळू, कारण तुमचे पैसे शेवटच्या चार वाक्यांतून गळताहेत.

आधी ते 14,600 लिटर. दोन गुणिले 20 गुणिले 365, असं तुम्ही मांडलंय. पण 20 लिटर हा ऐन भरातला आकडा. व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी गाय तिथवर चढते आणि मग हळूहळू उतरते. विकणारा नेमका तोच आकडा सांगतो. ढोबळ हिशेब असा, की ऐन भरातलं रोजचं दूध गुणिले 200 म्हणजे एका वेताचं दूध. इथे ते 4,000 लिटर होतं. तुमच्याकडे वेत दीड वर्षानं येतं, म्हणजे गायीमागे वर्षाला 2,700 आणि दोघींचे 5,400. धरलेल्याच्या निम्मेही नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेला.

आता आहेत त्याच आठ गायी बघा. त्याही याच प्रतीच्या धरू. 18 महिन्यांच्या अंतरानं वर्षाला साधारण 21,000 लिटर, तेच अंतर 13 महिन्यांवर आणलं तर 29,000 च्या पुढे. लांबलेल्या वेतात गाय थोडे जास्त दिवस पिळते, त्यासाठी या 8,000 च्या फरकातून 2,000 वजा करा. तरी 6,000 लिटर उरतात, म्हणजे नव्या दोन गायींपेक्षा जास्त, आणि तेही नवं जनावर न आणता. भाकड काळातला वाया जाणारा चारा यात धरलेलाच नाही.

हे दिवस जातात कुठे? 18 महिने म्हणजे 540 दिवस. गाभणकाळाचे 280 वजा केले की 260 दिवस गाय रिकामी. 13 महिन्यांच्या हिशेबात रिकामे दिवस 115. फरक 145 दिवसांचा. माज 21 दिवसांनी येतो, म्हणजे गायीमागे जवळपास सात माज फुकट.

त्यातले काही दिसतच नाहीत. बऱ्याच गायी रात्री नाहीतर पहाटे माज दाखवतात आणि तो 12 ते 18 तासांत ओसरतो. दिवसातून तीन वेळा, त्यातही पहाटे आणि रात्री उशिरा, वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. धार काढता काढता नाही. काचेसारखी स्वच्छ, लोंबणारी सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, दिसते का बघा. दुसरी गाय अंगावर चढली तरी हलत नसेल तर माज पक्का. आणि दिसलेला माज तुम्ही उशिरा भरवून घालवता. सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नेम. माज ओसरल्यावर दहा-बारा तासांत बीज सुटतं आणि ते फार तास टिकत नाही. रेत तिथे आधी पोचून तयार व्हायला हवं. चोवीस तासांनी भरवलं तर बऱ्याचदा वेळ टळून गेलेली असते.

पोटावरून गाभण ओळखणं तर सर्वांत महाग पडतं. पोट दिसेपर्यंत पाच-सहा महिने जातात. गाय रिकामी निघाली तर तेवढे दिवस बुडाले. भरवल्यावर 18 ते 24 दिवसांत माज परत येतो का बघा, आणि 60 ते 90 दिवसांत डॉक्टरांकडून हात घालून तपासून घ्या. व्यायल्यानंतर 60 दिवसांनी माजावर न येणारी, तीनदा भरवूनही गाभण न राहता उलटलेली, यांची तपासणी लांबवू नका. गोठ्याच्या भिंतीला वही टांगा. विण्याची, माजाची, भरवल्याची, तपासणीची तारीख, एवढं पुरे.

चीक पाजायला जार पडायची वाट बघायची नसते. वासराच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारशक्ती शोषली जाते ती पहिल्या काही तासांत. चोवीस तासांनी ते दार बंद. 30 किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला पहिला हप्ता दोन तासांच्या आत. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, जागा कोरडी ठेवा. मोठी होताना कालवड प्रौढ गायीच्या 60 टक्के वजनाची झाली की भरवा. संगोपन नीट असेल तर ती 14-15 महिन्यांत तिथवर येते आणि दोन वर्षांची होता होता विते. बाहेरून गाय आणायची गरजच राहत नाही.

जुळ्यातल्या कालवडीची आशा सोडा. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या दहापैकी नऊ कालवडी वांझ निघतात, कारण गर्भातच गोऱ्ह्याची संप्रेरकं तिच्यापर्यंत पोचतात. डॉक्टर एकदा तपासून सांगतील. तोवर आणखी खुराक नको.

राहिली पॉलिसी. ती तुमच्या आयुष्याचा विमा काढते, गायीच्या नाही. गाय मेली तर तिच्यातून छदामही मिळणार नाही. गायीसाठी पशुविमा वेगळा असतो, आणि दाव्याच्या वेळी कानातला बिल्ला जागेवर लागतो. पॉलिसीशिवाय कर्ज अडेल असं एजंट म्हणत असेल, तर ते बँकेकडून लेखी आणायला सांगा. तसंही कर्ज काढायचंच नाहीये, तेव्हा सहीचा प्रश्न येत नाही. ठेवीतून फक्त तपासणीचा खर्च काढा: या आठवड्यात आठही गायींची, गाभण कोण आणि रिकामी कोण.