प्रश्नावली जरा बाजूला ठेव

अगं, तुझ्या थिसिसची सिनॉप्सिस वाचली. कॅज्युअल्टीतल्या स्टाफला ट्रायेजबद्दल, म्हणजे कुठला पेशंट आधी बघायचा ते लाल, पिवळा, हिरवा रंग देऊन ठरवण्याबद्दल, काय माहितीय, मग टीचिंग प्रोग्रॅम, मग परत तीच प्रश्नावली आणि मार्क वाढले म्हणून ग्राफ. खरं सांगू? असले थिसिस मी इतके तपासलेत की निष्कर्ष कव्हर बघूनच सांगेन. शिकवल्यावर मार्क वाढणारच की! लाल, पिवळा, हिरवा कुणाला माहीत नसतो? पण नाइटला दोनच सिस्टर, सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या आणि नवले पुलावरच्या अपघातातले एकदम चार जण आलेत, तेव्हा त्या माहितीचं काय होतं ते प्रश्नावलीत कसं कळणार.

त्यापेक्षा एकच गोष्ट धर. श्वास. कुठलेही पन्नास केसपेपर काढून बघ, रेस्पिरेटरी रेट 18 नाहीतर 20. बीपी, पल्स, सॅच्युरेशन मशीन सांगतं, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो आणि ते मिनिट कुणाकडे नसतं, म्हणून अंदाजानं लिहितात. मीही लिहिलंय. एक बाई रात्री चालत आली, बीपी बरा, ताप थोडा, मी जाता जाता 20 टाकून पुढे गेले. अर्ध्या तासानं आमच्या मावशी म्हणाल्या, सिस्टर, ही बघा कशी धापतीय. मोजला तर 34. सेप्सिस होता, म्हणजे इन्फेक्शनमुळं अवयवच बिघडायला लागतात तो. वाचली ती, पण मावशींनी बघितलं म्हणून, माझ्यामुळं नाही.

बीपी पडायच्या आधी बऱ्याचदा श्वासच वाढतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये न्यूज स्कोअर काढला, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते पल्स, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन ओळखायचं, त्यात श्वास 21 ते 24 ला 2 गुण आणि 25 किंवा वर गेला की थेट 3. म्हणजे सगळ्यांना 20 लिहिलं की श्वासाचे गुण शून्य आणि पेशंट कागदावर ठणठणीत! करायची राहून गेलेली नर्सिंग केअर हा विषय अमेरिकेत बीट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये मांडला, तो पेपर मिळव. पण तो वॉर्डातला आहे, कॅज्युअल्टीचं गणित वेगळं, इथं पुढच्या तासाला किती पेशंट येणार तेच माहीत नसतं.

तू एवढंच कर. स्टाफनं नोंद केली की लगेच तू स्वतः पूर्ण 60 सेकंद मोज, तीस मोजून दुप्पट नको. दोन्ही आकडे शेजारी लिही, आणि त्या वेळी एका सिस्टरकडे किती पेशंट होते, ती एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद भरत होती की नातेवाइकांना समजावत होती तेही लिही, कारण माझ्या मते खरं उत्तर तिथंच आहे. स्टाफची नावं कुठंच नकोत, इनचार्जनं मागितली तरी. तू उभी आहेस म्हटल्यावर पहिले काही दिवस सगळे मन लावून मोजतील, तो डेटा धरू नकोस.

आणि एथिक्स कमिटी विचारायच्या आधी मीच विचारते, पेपरवर 20 आहे आणि तुला 34 मिळाला, तर काय करशील? फॉर्म भरत बसणार? नाही, आधी सिस्टरला सांगायचं, मग फॉर्म. हे प्रोटोकॉलमध्येच लिहून टाक, नंतर सुचलं असं नको. विसर्जनाच्या रात्री तर फॉर्म नेऊच नकोस, ग्लोव्हज घाल आणि कामाला लाग.

रविवारी घरी ये, फॉर्म मिळून बनवू. सेकंदकाट्याचं घड्याळ घे आधी, तुळशीबागेतलं चालेल पण चालू असलेलं बघून घे. मोबाईलवर मोजू नकोस, कॅज्युअल्टीत मोबाईल वर धरला की नातेवाइकांना वाटतं शूटिंग चाललंय, आणि मग भांडणं मिटवण्यातच ड्युटी संपते.

तुझी,
मॅडम